रंग डिचोलीचा, दात मांजरेचा

जीवाश्म झालेले दात शोधायला कुणी डिचोलीच्या व्हाळात उतरला, तर त्याच्या चाळणीत रंग भरपूर येतील. शिरगाव, लामगाव, मये, पिळगाव या खाणपट्ट्यातून पहिल्या पावसाचे पाणी खाली येते ते गेरूसारखे लाल. पाणी ओसरले की दगडांवर पिवळसर पापुद्रा उरतो आणि चाळणीच्या तळाशी काळी, जड, चमकणारी रेती बसते. दात मात्र येणार नाही. आलाच, तर तो गेल्या काही वर्षांत मेलेल्या एखाद्या गुराचा असेल.

प्रकरणाची सुरुवात अशी नकाराने करतो आहे, त्याला कारण आहे. ओढ्यानाल्यांत उतरून रंगीत दात आणि हाडे वेचण्याचा छंद जगात पुष्कळांना असतो. अमेरिकेत न्यू जर्सीच्या बिग ब्रूक नावाच्या ओढ्यात, फ्लोरिडाच्या पीस नदीत लोक गुडघाभर पाण्यात उभे राहून फावड्याने वाळू उचलतात, चाळतात आणि शार्कचे काळे, करडे, तांबूस दात खिशात टाकतात. त्यांच्या चित्रफिती पाहून पेडण्याच्या एखाद्या मुलानेही चाळण घेऊन घराजवळच्या व्हाळात उतरावे, दिवसभर भिजावे आणि रिकाम्या हाताने परतावे, हे सहज घडण्यासारखे आहे. आपल्याला नीट शोधता आले नाही, असे तो स्वतःला दोष देत बसेल. त्याने शोधले ते बरोबरच शोधले. फक्त त्याच्या पायाखालची जमीन निराळी होती. ती निराळी कशी, हे कळले की दात का टिकतात आणि का रंगतात हेही कळते, कारण दातांना रंगवणारी दोन मुख्य द्रव्ये, लोह आणि मँगनीज, गोव्याच्या भूगर्भात मुबलक आहेत. कुंचला आणि रंग तयार आहेत. चित्र काढायला भिंतच नाही.

भिंतीपासून सुरुवात करू. दाताच्या बाहेरचे कठीण कवच वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. त्याच्या आतला भाग आणि हाडे यांत खनिजाचे प्रमाण त्याहून कमी आणि प्रथिनाचे जास्त. हे खनिज म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचा स्फटिक, ॲपेटाइट. प्राणी मेला की प्रथिन कुजते, जिवाणू खातात, आणि हाडात असंख्य सूक्ष्म पोकळ्या उघड्या पडतात. दाताच्या कवचात अशा पोकळ्या फार थोड्या, म्हणून जगभरच्या संग्रहालयांत कित्येक प्राण्यांची ओळख फक्त दातांवरून पटलेली असते. भूजलात थोडेसे फ्लोराइड असतेच. ते हळूहळू स्फटिकात शिरते आणि त्याला अधिक चिवट, कमी विरघळणारे करते. टूथपेस्टमधले फ्लोराइड आपल्या दातांवर हेच काम करते, फक्त जमिनीला त्यासाठी हजारो वर्षे मिळतात. त्याच वेळी पोकळ्यांतून पाणी झिरपत राहते आणि त्यात विरघळलेले जे काही असेल ते मागे ठेवत जाते: कुठे चुना, कुठे सिलिका, कुठे लोह, कुठे मँगनीज.

रंग येतो तो इथून. लोहाला प्राणवायू भरपूर मिळाला की तांबडा, पाणी धरून राहिले की पिवळा-तपकिरी. मँगनीजचे ऑक्साइड काळे. ते कधी सबंध दात काळा करते, तर कधी त्यावर शेवाळासारखी किंवा नेच्याच्या पानासारखी नक्षी काढते. चुना भरला की पांढुरका, करडा. गोव्यातील आणि कोकणातील देवळांच्या भिंतींवर काव कला पाहिलेल्यांना हे सांगणे सोपे आहे. त्या चित्रांत जांभ्याच्या लाल मातीची काव आणि शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा गिलावा एवढेच दोन पदार्थ असतात. जीवाश्म दातावर निसर्ग हेच दोन पदार्थ वापरतो, लोह आणि कॅल्शियम; फक्त कोरणाऱ्याचा हात तिथे नसतो.

निळ्या रंगाची गोष्ट मात्र वेगळी सांगावी लागेल. चिखलात, हवा न लागता पडलेल्या हाडातील फॉस्फेट आणि चिखलातील लोह एकत्र आले की व्हिव्हिएनाइट नावाचे खनिज तयार होते. ताजे असताना ते जवळजवळ रंगहीन असते. उकरून काढले, उजेड आणि हवा लागली, की ते निळे पडू लागते. म्हणजे जो निळा रंग पाहून शोधणारा हरखतो, तो त्याने हाड बाहेर काढल्यामुळेच आलेला असतो. दुसरा निळा त्याहून नवलाचा. फ्रान्सच्या दक्षिण भागात, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याला, मध्ययुगात काही मठवासीयांना जमिनीत सापडणाऱ्या प्राचीन हस्तिदंताचे तुकडे भट्टीत भाजून फिरोजासारखा निळा खडा बनवता येत असे. हे सुळे मॅस्टोडॉन या हत्तीच्या लुप्त नातलगाचे, सुमारे १.३ ते १.६ कोटी वर्षांपूर्वीचे. चर्चमधील सोन्याच्या कामात हे खडे फिरोजा म्हणून बसवले गेले. पुढे शतकानुशतके लोक समजत राहिले की हा रंग तांब्याचा किंवा लोहाचा असावा. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की दातात शिरलेले अत्यल्प मँगनीज सुमारे ६०० अंश सेल्सियसला तापल्यावर अशा अवस्थेत जाते की त्याचा रंग निळा होतो. म्हणजे जे मँगनीज थंड जमिनीत दात काळा करते तेच भट्टीत त्याला निळा करते.

आता रंगाने फसवल्याचेही एक उदाहरण, कारण ओढ्यात उतरणाऱ्याने ते कायम ध्यानात ठेवावे असे मला मनापासून वाटते. १९१२ साली इंग्लंडमध्ये पिल्टडाउन इथे माणसाच्या प्राचीन पूर्वजाची कवटी आणि जबडा सापडल्याचे जाहीर झाले. हाडे गडद तपकिरी, नदीच्या खडीत मुरल्यासारखी. चाळीस वर्षे ती खरी मानली गेली. मग केनेथ ओक्ली यांनी हाडांतले फ्लोरीन मोजले, आणि ते इतके कमी निघाले की हाडे प्राचीन असणे शक्य नव्हते. १९५३ साली उघड झाले की कवटी माणसाची, जबडा ओरांगउटानचा, दात कानसीने घासलेले, आणि तो सुंदर तपकिरी रंग लोहाच्या व क्रोमियमच्या क्षारांनी चढवलेला होता. मोठमोठे पंडित रंगाला भुलले. रंगावरून हाड कुठे पडून होते ते कळते. किती काळ पडून होते ते कळत नाही. पेडण्याच्या खाडीकाठच्या खाजनातल्या काळ्या चिखलात पडलेला म्हशीचा दात फार थोड्या काळात काळानिळा होऊ शकतो, आणि कोरड्या चुनखडीत पडलेला लाखभर वर्षांचा दात कालच पडल्यासारखा फिकट राहू शकतो.

तर मग गोव्यात दात का नाहीत?

पहिले कारण सरळ वयाचे आहे. गोव्याचा बराचसा भूभाग ज्या खडकांचा आहे त्यांना भूवैज्ञानिक गोवा समूह म्हणतात, आणि त्याच्या एका भागाला तर डिचोलीचेच नाव दिलेले आहे. फिलाइट, शिस्ट, लोहाचे पट्टे असलेला क्वार्ट्झाइट, मँगनीजयुक्त चर्ट, मधूनमधून डोलोमाइटी चुनखडक असे हे खडक. त्यांचे वय अडीच अब्ज वर्षांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त. पृथ्वीवर दात नावाची वस्तू अवतरली ती साधारण पन्नास कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे डिचोलीचा खडक तयार झाला तेव्हा दातवाला प्राणी यायला अजून दोन अब्ज वर्षे होती. या खडकात दात शोधणे म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळातल्या घरात विजेचा दिवा शोधणे. पण एक गोष्ट इथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. लोहाचे ते पट्टे ज्या समुद्राच्या तळाशी साचले, त्या समुद्रात विरघळलेले लोह तळाशी बसण्यात सूक्ष्म जिवाणूंचा मोठा हात होता, असे मानले जाते. त्या अर्थाने शिरगावच्या खाणीतला लाल ढेकूळ हाही जिवाच्या कामाचा अवशेष आहे. ज्यांना हाड नव्हते, दात नव्हते, डोळा नव्हता, त्यांच्या कामाचा.

नव्या काळातले दात तरी मिळायला हवे होते. वाघ, गवे, हरणे, माणसे इथे हजारो वर्षे राहिली, मेली. त्यांची हाडे कुठे गेली? याचे उत्तर पावसात आहे. गोव्यावर वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. उष्ण हवेत एवढे पाणी लाखो वर्षे खडकांतून झिरपत राहिले, की ते सोडियम, कॅल्शियम, सिलिका सगळे धुऊन नेते आणि मागे लोह व ॲल्युमिनियम यांचा सच्छिद्र सांगाडा ठेवते. हाच जांभा, ज्याचे चिरे काढून आपण घरे बांधतो. पेडण्यातला मोपाचा सडा जांभ्याचाच. २०२२ च्या डिसेंबरात उद्घाटन झालेला विमानतळ त्याच्यावरच उभा आहे. जांभ्याची माती आम्लधर्मी. जी माती खडकातला कॅल्शियम सोडत नाही, ती हाडातला कसा सोडेल? हाड इथे जीवाश्म होण्याआधीच विरघळते. पोकळ्या भरायला लोह तयारच असते, पण तोवर पोकळ्याही उरत नाहीत.

खाडीकाठची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेरेखोल आणि शापोरा या पेडण्याच्या दोन सीमांवरच्या नद्या. त्यांच्या काठी बांध घालून, मानशी (पाणी अडवणारी-सोडणारी दारे) बसवून समुद्रापासून जमीन राखली गेली, ती खाजने. या चिखलात हवा पोचत नाही. समुद्राच्या पाण्यातले सल्फेट आणि मातीतले लोह यांपासून जिवाणू लोहाचे सल्फाइड बनवतात, म्हणून चिखल काळा आणि त्याला तो विशिष्ट वास. भिजलेला असेतोवर हा चिखल हाडाला आणि शिंपल्याला बरा सांभाळतो. पण बांध फुटला, पाणी उतरले, चिखल सुकून भेगाळला, की त्या सल्फाइडला हवा लागते आणि जमिनीतच गंधकाम्ल तयार होते. मग तिसऱ्या, खुबे, कालवे यांची जुनी कवचे मऊ पडतात, हाडे तर आधीच जातात. खाजनात खणताना शिंपल्यांचा थर लागला तर तो जरूर पाहावा, त्याची खोली मोजावी, फोटो घ्यावा. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती. ती वर चढत आजच्या खाड्या भरत गेली, त्याची नोंद अशा थरांत असते. फक्त त्याला लाखो वर्षांपूर्वीचा समुद्र समजू नये.

गोव्याच्या जांभ्याने बैलाचे हाड ठेवले नाही, बैलाचे चित्र मात्र ठेवले. सांगे तालुक्यात उसगाळीमळ इथे कुशावती नदीच्या काठी, उघड्या जांभ्याच्या पटावर बैल, हरीण, मोर आणि एक चक्रव्यूहासारखी आकृती कोरलेली आहे. १९९३ साली हे ठिकाण अभ्यासकांसमोर आले. डिचोलीला लागून असलेल्या सत्तरीत, म्हाऊस इथे झर्मे नदीच्या कोरड्या पात्रातल्या खडकावरही वशिंडाचे बैल आहेत. ही चित्रे किती जुनी, यावर एकमत नाही. पण ज्यांनी ती कोरली त्यांच्यासमोर तो प्राणी उभा होता, त्याचे मांस ते खात होते, त्याची हाडे त्याच नदीत पडत होती, असे समजायला हरकत नसावी. आज त्या काठावर उभे राहिले की बैलाची रेघ दिसते. त्याच्या दाताचा कणही सापडत नाही.

बैलाचा प्राचीन दात पाहायचा असेल तर घाट चढून देशावर जावे लागते.

तसे पाहिले तर नदीतून जीवाश्म वेचून आणण्याची रीत आपल्याला परकी नाही. देव्हाऱ्यातला शाळीग्राम हा नेपाळात गंडकीच्या पात्रात वेचलेला अमोनाइट आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या शंखवर्गीय प्राण्याचा काळा गोटा. नदीने तो हिमालयाच्या खडकातून सोडवला, घोळवला, आणि माणसाच्या हाती दिला. तुळशीच्या लग्नात आपण त्याला नवरदेव करतो. नदी काय करते ते यात सगळे आले: ती कठीण ते निवडते आणि मऊ ते सोडून देते.

देशावरच्या नद्यांनीही असेच निवडून ठेवले आहे. १८६५ च्या सुमारास ए. बी. विन या भूवैज्ञानिकाला पैठणजवळ मुंगी इथे गोदावरीकाठच्या हाडे असलेल्या खडीच्या थरात अकीकाचा छिलका मिळाला. लहानसाच दगडी तुकडा, पण तो घडणारा माणूस आणि त्या थरातले प्राणी एकाच काळातले असावेत, हा विचार त्याने पुढे आणला. १९०५ मध्ये गाय पिलग्रिम यांनी गोदावरीच्या गाळात सापडलेल्या प्राचीन हत्तीविषयी लिहिले. पुढे डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया यांनी १९५४ पासून प्रवरेकाठी नेवाशाला काम केले, आणि गोदावरीकाठी काळेगावला रानबैलाचे अवशेष आणि मध्य पुराश्मयुगातली दगडी हत्यारे एकत्र मिळाली. बॉस नॅमाडिकस हे त्या बैलाचे शास्त्रीय नाव, नर्मदेवरून पडलेले. उसगाळीमळच्या चित्रातला बैल आणि काळेगावचा बैल एकाच जातीचे होते असे मी म्हणत नाही. पण एकाची फक्त रेघ राहिली आणि दुसऱ्याची हाडे, हा फरक पूर्णपणे मातीचा आहे.

काय आहे ती माती? मूळ खडक काळा बेसॉल्ट, आणि बेसॉल्टमध्ये कॅल्शियम भरपूर. पाऊस नेवाशाकडे गोव्याच्या पाचवा-सहावा हिस्सा. त्यामुळे कॅल्शियम धुऊन जात नाही. उन्हाळ्यात पाणी आटताना तो मातीतच चुनखडीच्या गोळ्यांच्या रूपात साचतो. नद्यांच्या जुन्या खडीला हाच चुना सिमेंटसारखा बांधून टाकतो. त्यात अडकलेल्या हाडाला आम्ल लागत नाही, उलट बाहेरूनही चुना आणि आतूनही चुना. काळ्या मातीत विहीर खणताना तळाशी लागणारी ती घट्ट, पांढुरकी, खडबडीत खडी शेतकऱ्याला नकोशी असते, कारण तिच्यात पहार चालत नाही. हाडे तिथेच असतात.

मांजरा नदीचे खोरे या बाबतीत मला सगळ्यांत मोलाचे वाटते. लातूर जिल्ह्यात गांजूर, हरवाडी अशा गावांजवळ, नदीने कापलेल्या काठांत डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना प्राण्यांच्या जीवाश्मांचा मोठा साठा मिळाला. विजय साठे यांनी या खोऱ्याचा दीर्घ अभ्यास केला. त्यात हत्ती आहे, स्टेगोडॉन हा हत्तीसारखा पण वेगळ्या दातांचा प्राणी आहे, रानबैल आहे, घोडा आहे, हरणे, कासव, सुसर आहे. आणि पाणघोडा आहे. पाणघोडा बारमाही, खोल पाण्यावाचून जगत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्याच जिल्ह्याच्या नदीत एके काळी पाणघोडे डुंबत होते, हे त्यांच्या दातांवरून आपल्याला कळले. एवढी मोठी बातमी एवढ्या लहान वस्तूत मावते, म्हणून मला दातांचे प्रेम आहे.

दात वाचायला शिकणे फार अवघड नाही. गायबैलाची दाढ उंच, आणि वरच्या पृष्ठभागावर चंद्रकोरीसारख्या रेषा. हरणाचीही तशीच, पण लहान आणि ठेंगणी. घोड्याची दाढ चौकोनी खांबासारखी, रेषा गुंतागुंतीच्या, नागमोडी. हत्तीची दाढ म्हणजे एकापाठोपाठ एक उभ्या लावलेल्या पट्ट्या, पाटावरवंट्यासारखी दळायला बनवलेली. स्टेगोडॉनच्या दाढेवर त्याजागी बुटके, छपरासारखे उतरते उंचवटे. पाणघोड्याची दाढ झिजली की तिच्यावर तीन पानी फुलासारखी नक्षी दिसते. ज्याने एकदा बाजारात कापलेल्या बोकडाचा जबडा लक्ष देऊन पाहिला आहे, त्याला यातले अर्धे आधीच येते.

ओढ्यात कुठे शोधायचे, यातही नदीचा स्वभाव कामी येतो. साध्या वाळूतील क्वार्ट्झपेक्षा दातातले ॲपेटाइट जड असते. म्हणून पाण्याचा वेग जिथे मंदावतो तिथे दात जड खड्यांबरोबर खाली बसतो: वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या धोंड्याच्या मागे, खडकातल्या रांजणखळग्यांच्या तळाशी. पूर ओसरल्यानंतरचे पहिले दोन-चार आठवडे सर्वांत चांगले, कारण काठ नव्याने कापलेला असतो आणि शेवाळ अजून चढलेले नसते. हातात घेतल्यावर जीवाश्म त्याच आकाराच्या ताज्या हाडापेक्षा जड लागतो, आणि दगडावर हलकेच टेकवला तर भरीव, किणकिणता आवाज येतो. ताजे हाड ठक्क वाजते. तुटलेल्या कडेवर आतपर्यंत रंग गेलेला आहे की नुसता वरून चढला आहे, ते पाहावे. जाळून पाहण्याची परीक्षा काही लोक सांगतात, ती कृपया करू नये. जाळलेल्या नमुन्यातून पुढे कुणालाच काही मोजता येत नाही.

आणि काठात रुतलेले हाड उपसू नये. ही विनंती मी हट्टाने करतो. वाहून आलेला सुटा दात आधीच आपली जागा सोडून आलेला असतो, तो उचलला तर फारसे बिघडत नाही. काठातल्या हाडाला मात्र थर आहे, खोली आहे, शेजारी कदाचित दगडी हत्यार आहे, आणि या सगळ्याचा अर्थ ते जागेवर आहे तोवरच लागतो. फोटो काढावा, त्यात मोजमापासाठी एखादे नाणे ठेवावे, गाव आणि गट क्रमांक लिहून ठेवावा आणि डेक्कन कॉलेजला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. फ्लोरिडात पृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म सार्वजनिक जागेतून गोळा करायला परवाना लागतो, आणि शार्कचे दात तेवढे त्यातून वगळलेले आहेत. आपल्याकडे खाण मंत्रालयाने २०२२ च्या डिसेंबरात भूवारसा स्थळे आणि भूअवशेष यांच्या जतनाच्या विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला. तो कागदावर काय होईल ते होवो. वाळूउपशाच्या यंत्राने एका रात्रीत काठ गिळण्याआधी जो माणूस तो पाहतो, तो बहुधा त्याच गावचा गुराखी किंवा विद्यार्थी असतो. त्याला एवढे माहीत असले तरी पुष्कळ झाले.

राहिले शार्कचे दात. पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे गेलो, तर त्यांच्यासाठी थेट केरळपर्यंत उतरावे लागते. कोल्लमजवळ, अष्टमुडी तलावाच्या काठी पडप्पक्करा इथे मायोसीन काळातला समुद्री चुनखडक उघडा आहे आणि त्यात ते सापडतात. पूर्वेकडे ओडिशात बारीपदाजवळ बुढाबलंग नदीकाठच्या थरांतही ते आहेत. कोकणात, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या जांभ्याखाली त्याच सुमाराचे मातीचे आणि लिग्नाइटचे थर आहेत, पण त्यांत मिळतात ते परागकण, पाने, लाकूड. तिथे तेव्हा दाट जंगल आणि दलदल होती.

मात्र मँगनीज आणि दात यांची गाठ गोव्यात एका जागी पडते, आणि ती जागा व्हाळात नाही, दोना पावलाच्या टेकडीवर आहे. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तिथे आहे. २६ जानेवारी १९८१ रोजी तिच्या ‘गवेषणी’ या जहाजाने समुद्रतळावरून मँगनीजचा पहिला गोळा वर काढला. मध्य हिंदी महासागरात चार-पाच हजार मीटर खोलीवर असे बटाट्याएवढे काळे गोळे पसरलेले आहेत. १९८७ साली त्यांच्या शोधासाठी भारताला दीड लाख चौरस किलोमीटरचे क्षेत्र मिळाले. असा गोळा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो, आणि वाढायला त्याला काहीतरी कठीण आधार लागतो. लाव्हाचा तुकडा चालतो, देवमाशाच्या कानाचे हाड चालते. शार्क आयुष्यात हजारो दात गाळतो, त्यामुळे पुष्कळदा तो आधार दाताचा असतो. १८७२ ते १८७६ या काळात जगाच्या समुद्रांतून फिरलेल्या ‘चॅलेंजर’ जहाजाच्या जाळ्यांत असे दात शेकड्यांनी आले होते, महाकाय मेगालोडॉन शार्कचेही. दाताचा आतला मऊ भाग त्या थंड पाण्यात विरघळून गेलेला, बाहेरचे टणक कवच तेवढे टोपीसारखे उरलेले, आणि त्यावर मँगनीज व लोह यांचे थरावर थर.

असा गोळा करवतीने मधोमध कापला की वर्तुळात वर्तुळे दिसतात, झाडाच्या खोडासारखी. काळ्या-तपकिरी त्या वर्तुळांच्या मध्यभागी एक लहान, फिकट, धारदार त्रिकोण.